दगड नाहीत, मग किल्ला कुठंय? नॉर्मन मॉट आणि बेली जमिनीवर कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा. लंडनजवळच्या स्लाव गावात राहणारं एक मराठी कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत डर्बीशरला, पीक डिस्ट्रिक्टमध्ये गेलं होतं. हार्टिंग्टन गावाच्या वरच्या अंगाला, डव्ह नदीच्या काठी, नकाशावर ‘पिल्सबरी कॅसल’ हे नाव जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेलं दिसलं, म्हणून तासभर चालत तिथं पोचले. पाहतात तर गवत, मेंढ्या आणि उंचसखल जमीन. राजगड-तोरणा चढून आलेल्या दहा वर्षांच्या लेकीनं विचारलं, “बाबा, किल्ला कुठंय?” बाबांनी तोच प्रश्न मला कळवला आणि आणखी तीन जोडले: हे टेकाड माणसानं रचलंय हे कशावरून, ते नॉर्मनांचंच (म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांचंच) कशावरून, आणि मेटल डिटेक्टर घेऊन परत गेलो तर काही हाती लागेल का?

मी गेली एकवीस वर्षं इंग्लंड आणि वेल्सच्या सीमाभागात अशा मातीकामांची मोजणी करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट, ती मुलगी किल्ल्यातच उभी होती. पोचता पोचता जो आखूड, उभा चढ चढलात तो तट. त्याच्या आधी जी खोलगट जागा ओलांडलीत तो खंदक. वरचे दगड पडून गेले, लोकांनी उचलून नेले, असा इथला प्रकार नाही. असे किल्ले मुळात माती आणि लाकडाचे असत. लाकूड कुजलं, माती राहिली. आपल्याकडे मराठवाड्यात किंवा खानदेशात गावातली जुनी गढी पाहिली असेल, तर मातीचा कोट पावसानं कसा उतरतो आणि शेवटी नुसता पांढरीचा उंचवटा कसा उरतो हे ठाऊक असेल. गडकोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कातळ येतो. इथं मात्र तो गढीचा उंचवटा डोळ्यांपुढे ठेवा.

मॉट म्हणजे माणसांनी रचलेलं, वरून सपाट केलेलं टेकाड. माथ्यावर लाकडी मनोरा आणि कडेनं मेढेकोट, म्हणजे रोवलेल्या खांबांचं कुंपण. बेली म्हणजे त्याच्या पायथ्याशी घेरलेलं अंगण: आत घरं, तबेले, कोठार, मुदपाकखाना, कधी छोटं प्रार्थनाघर, भोवती मातीचा बांध, बांधावर मेढेकोट, बाहेर खंदक. बालेकिल्ला आणि माची ही आपली जोडी इथं जवळजवळ जशीच्या तशी बसते. बेली पडली तर धन्यानं मॉटवर जायचं आणि मधला पूल तोडायचा. शब्दाची एक गंमत सांगतो. फ्रेंचमधला ‘मॉट’ म्हणजे टेकाड, पण त्याच शब्दावरून इंग्रजीत आलेल्या ‘मोट’चा अर्थ खंदक झाला. टेकाड आणि खंदक हे एकाच खोदकामाचे दोन भाग, म्हणून नाव एकावरून दुसऱ्यावर सरकलं असावं. आपल्या विहिरीवरच्या मोटेशी त्याचं नातं नाही.

तुम्ही स्लावचे, म्हणजे विंडसर तुमच्या दारात. तिथला गोल मनोरा ज्या टेकाडावर उभा आहे ते इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यम राजाच्या काळातलं मॉट, सुमारे १५ मीटर उंच, खंदक खणताना निघालेल्या खडूच्या दगडाचं. त्याच्या दोन्ही अंगांना जी वरची आणि खालची आवारं आहेत त्या दोन बेली. दगडी मनोरा शे-सव्वाशे वर्षांनी आला आणि त्याची आजची उंची तर १८२० च्या दशकात वाढवलेली. मनानं विंडसरवरचे सगळे दगड उचलून बाजूला ठेवा, खाली जे उरेल ते पिल्सबरीसारखंच दिसेल. विंडसरला राजे राहिले, म्हणून दगड आले. पिल्सबरीला कोणी राहिलं नाही, म्हणून अकराव्या-बाराव्या शतकातला आराखडा उघडा राहिला. माझ्या लेखी हा दुसरा प्रकार जास्त मोलाचा आहे.

आता टेकाड माणसाचं की निसर्गाचं. बहुतेक लोक टेकाडाकडे बघतात. मी नव्या मुलांना सांगतो, आधी खड्डा शोधा. हजारो टन माती कुठून तरी यावीच लागते, आणि डोक्यावर पाटी घेऊन माणूस गरजेपेक्षा एक पाऊलही जास्त चालत नाही. म्हणून माती टेकाडाच्या पायाशीच खणलेली असते, आणि तो खड्डा आयताच खंदक होतो.

हिशेब करून दाखवतो. समजा मॉट ८ मीटर उंच आहे, बुडाशी ४० मीटर व्यासाचं आणि माथ्यावर १२. त्याचं घनफळ येतं साधारण ४,६५० घनमीटर. आता त्याच्याभोवती १० मीटर रुंद, ५ मीटर खोल आणि तळाला २ मीटर सपाट असा खंदक घ्या. त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटर, मधल्या रेषेवरची लांबी सुमारे १५७ मीटर, म्हणजे निघणारी माती ४,७०० घनमीटर. दोन्ही आकडे जुळतात. प्रत्यक्ष जागेवर ते इतके नेटके जुळत नाहीत, कारण काही माती बांधाला जाते, काही वेळा निसर्गाचा उंचवटाच छाटून घेतलेला असतो. पण मोजणीत टेकाडाचं घनफळ मोठं आणि भोवती खड्डाच नाही असं दिसलं, की मी थांबतो. मग ते टेकाड हिमनदीनं आणून टाकलेलं असू शकतं, खाणीचा राडारोडा असू शकतो, पवनचक्कीचा ओटा असू शकतो, किंवा एखाद्या जमीनदारानं बागेत नजारा पाहायला रचलेला उंचवटाही असू शकतो.

त्याच हिशेबात माणसं घाला. खणणं, वाहणं, चोपणं धरून दर माणशी दिवसाला एक घनमीटर हा माझा अंदाज. म्हणजे शंभर माणसांना दीड महिना. आजच्या वीस टनी डंपरच्या साधारण चारशे खेपा, पण लाकडी फावड्यानं आणि पाटीनं. फावड्याच्या फक्त कडेला लोखंडाची पट्टी असायची.

ही शंभर माणसं कोण होती? आपल्याकडे ज्याला वेठ म्हणतात तीच. १४ ऑक्टोबर १०६६ ला हेस्टिंग्जची लढाई झाली आणि विल्यमनं ती जिंकली. त्या लढाईची कथा भरतकामात सांगणाऱ्या बायोच्या लांबलचक कापडावर हेस्टिंग्जचं मॉट रचताना दाखवलंय: टेकाडात आडवे रंगीत पट्टे, म्हणजे थरावर थर, भोवती फावडी घेतलेले मजूर, हुकूम देणारा एक जण, आणि दोन मजूर एकमेकांच्या डोक्यात फावडी घालतायत. ते दोघे का भांडत होते हे कापड सांगत नाही, पण बांधकामाच्या जागेवर राबलेल्या कुणाला तो प्रसंग खोटा वाटणार नाही. नॉर्मनांआधी इंग्लंडवर राज्य करणाऱ्या अँग्लो-सॅक्सनांच्या बखरीत त्याच वर्षाच्या नोंदीत लिहिलंय की विल्यमच्या माणसांनी देशभर किल्ले उठवले आणि गरीब रयतेला पिळून काढलं.

शहरांत तर जागेसाठी राहती घरं पाडली. विल्यमनं करवून घेतलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीत, म्हणजे १०८६ च्या डूम्सडे बुकात, ही हानी महसुली खात्यासारखी मांडलेली आहे: किल्ल्यापायी लिंकनमध्ये १६६ घरं गेली, नॉरिचमध्ये ९८, केंब्रिजमध्ये २७. किल्ला म्हटलं की आपल्याकडे रयतेच्या रक्षणाची आठवण जागी होते, आणि ती खरी आहे. पण इंग्लंडच्या या टेकाडांचं तोंड आतल्या रयतेकडेच होतं. परक्या भाषेचे मूठभर घोडेस्वार, भोवती चिडलेला मुलूख, आणि रात्री सुरक्षित झोपायला एक जागा हवी, ही त्यांची गरज. दगडी किल्ल्याला वर्षं लागतात. माती-लाकडाचा किल्ला एका मोसमात उभा राहतो. १०६९ मध्ये यॉर्कला बंड झालं तेव्हा विल्यम आठ दिवस तिथं राहिला आणि त्या मुक्कामात त्यानं शहरातला दुसरा किल्ला उभारायला लावला, असं ऑर्डरिक व्हिटालिस हा बाराव्या शतकातला इतिहासकार लिहितो. आठ दिवसांत मॉट चोपून पुरं झालं असेल असं मला वाटत नाही. खंदक, बांध आणि मेढेकोट मात्र होऊ शकतो. त्याच वर्षी सप्टेंबरात डेन्स आणि बंडखोरांनी यॉर्कचे दोन्ही किल्ले घेतले. इतकी घाई आणि इतकी भीती त्या मातीत आहे.

लाकडाचं काही उरत नाही, मग वरचा मनोरा, आतली घरं हे सगळं आम्ही कशाच्या जोरावर सांगतो? इथं वेल्सच्या सीमेवरच्या हेन डोमेनबद्दल सांगायलाच हवं. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ ‘जुनं टेकाड’. सेव्हर्न नदीच्या एका उताराजवळ, म्हणजे नदी पायी ओलांडता येते त्या जागेजवळ, श्रूजबरीचा अर्ल रॉजर ऑफ मॉन्टगोमेरी यानं १०७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो किल्ला बांधला. मॉट सुमारे ८ मीटर उंच, वर मी हिशेबाला घेतलं तेवढंच. १९६० मध्ये फिलिप बार्करनं तिथं उत्खनन सुरू केलं, पुढे रॉबर्ट हायम त्याच्याबरोबर आला, आणि काम तीस वर्षांहून जास्त चाललं. बार्करनं अरुंद चर खणून माती उपसली नाही. बेलीचा सलग मोठा तुकडा उघडला आणि थापीनं हळूहळू खरवडत नेला.

खांब कुजला की त्याच्या खड्ड्यात वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती राहते. ओल्या जमिनीवर ती काळ्या वर्तुळासारखी उमटते. ही खूण तशी सोपी. अवघड खुणा म्हणजे नुसत्या आडव्या तुळईवर उभ्या राहिलेल्या घरांच्या, कारण त्यांना खड्डाच नसतो. तिथं गोट्यांची फरसबंदी कुठे अचानक सरळ रेषेत थांबते, पायाखाली घासून कुठले गोटे गुळगुळीत झालेत, छपराच्या पागोळ्यांनी बारीक चर कुठून कुठवर पडलीय, एवढ्यावर भिंत ओळखायची. मी उमेदवारी करत होतो तेव्हा एका वेगळ्या जागेवर अशीच पागोळ्यांची चर पहिल्यांदा पाहिली. बोटभर रुंद, तळाशी धुतलेली बारीक खडी. नऊशे वर्षांपूर्वीचा पाऊस एका ओळीत टपकलेला. त्या दिवसानंतर मला लाकडी किल्ला ‘नाहीसा झाला’ असं म्हणवलं नाही.

हेन डोमेनची बेली आम्हाला वाटत होती तशी मोकळी नव्हती. ती दाटीवाटीनं इमारतींनी भरलेली होती, आणि त्या पुन्हा पुन्हा पाडून नव्यानं बांधलेल्या होत्या. मॉट आणि बेलीच्या मधल्या खंदकावरच्या पुलाचेही एकावर एक टप्पे मिळाले. किल्ल्याच्या खाली तर त्याहून जुन्या नांगरटीचे सरी-वरंबे निघाले, म्हणजे नॉर्मनांनी कुणाच्या तरी जुन्या शेतावर किल्ला बांधला. मौल्यवान वस्तू मात्र फारशा निघाल्या नाहीत. सीमेवरच्या त्या किल्ल्यात राहणं खडतर होतं असंच त्यावरून दिसतं. पुढे १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीनं जवळच कातळावर दगडी मॉन्टगोमेरी किल्ला सुरू केला आणि जुनं टेकाड हळूहळू मागे पडलं.

मॉटच्या माथ्यावर काय असतं याचा पुरावा सरे परगण्यातल्या अबिंजरला मिळाला. १९४९ मध्ये ब्रायन होप-टेलरनं तिथला माथा खणला. कडेनं मेढेकोटाच्या खांबांचे खड्डे आणि मधोमध एका मनोऱ्याचे, तोही जेमतेम १२ फूट चौरस. हर्टफर्डशरमधल्या साउथ मिम्सला आणखी निराळं निघालं: तिथं मनोरा आधी सपाट जमिनीवरून उभारला आणि नंतर त्याच्याभोवती टेकाड चढवत नेलं. तेव्हा ‘आधी टेकाड, मग मनोरा’ हा क्रम सगळीकडे धरून चालता येत नाही.

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न: नॉर्मनांचंच कशावरून?

एकोणिसाव्या शतकात या टेकाडांवरचा सर्वात वजनदार शब्द होता जॉर्ज टॉमस क्लार्क यांचा. पेशानं इंजिनियर. नामांकित इंजिनियर ब्रुनेल यांच्या हाताखाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर त्यांनी काम केलं, म्हणजे तुम्ही स्लावहून पॅडिंग्टनला जाता त्याच रेल्वेवर. पुढे १८४३ मध्ये ते हिंदुस्थानात आले, आणि मुंबई ते ठाणे रेल्वे व्हावी म्हणून सुरुवातीला खटपट करणाऱ्यांत ते होते. ती गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली तोवर ते इंग्लंडला परतले होते. आपल्या पहिल्या रेल्वेशी जोडलेला हा माणूस पुढे इंग्लंडच्या किल्ल्यांचा मोठा अभ्यासक झाला, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. त्यांची नजर इंजिनियरची, नकाशे आणि मोजमापं उत्तम. पण निष्कर्ष चुकला. बखरीत नवव्या-दहाव्या शतकातल्या सॅक्सन राजांनी ‘बर्ग’ बांधल्याच्या नोंदी आहेत. हीच टेकाडं ते बर्ग, असं त्यांनी मांडलं, आणि एक पिढीभर ते सगळ्यांनी मानलं.

ते उलटवलं प्रामुख्यानं एला आर्मिटेज या बाईंनी. १९१२ मध्ये त्यांचं काम पुस्तकरूपानं आलं. त्यांचा युक्तिवाद साधा आणि भक्कम होता. सॅक्सन बर्ग म्हणजे तटबंदीचं गाव, सगळ्या रयतेनं आत यावं म्हणून बांधलेलं. या टेकाडाच्या माथ्यावर मात्र एक घर कसंबसं मावतं. हे एका धन्याचं ठिकाण आहे, गावाचं नव्हे. शिवाय नॉर्मन जिथं जिथं गेले, वेल्स, स्कॉटलंड, ११६९ नंतर आयर्लंड, तिथं तिथं ही टेकाडं आहेत, आणि खुद्द नॉर्मंडीतही आहेत. बखर लिहिणाऱ्या इंग्रजांना १०५१ मध्ये हेरफर्डशरमधल्या अशा बांधकामासाठी स्वतःच्या भाषेत शब्द सापडला नाही, त्यांनी परका ‘कॅसल’ शब्द वापरला. एडवर्ड राजाच्या पदरी आलेल्या नॉर्मन मंडळींनी विजयाच्या पंधरा वर्षं आधीच बांधलेले ते थोडे किल्ले होते.

शंभर वर्षं हे चित्र टिकलं आणि ते बहुतांशी बरोबरच आहे. पण त्यामुळे उलट सवय लागली: सपाट माथ्याचं टेकाड दिसलं की लिहा ‘नॉर्मन’. मग पुरातत्त्वज्ञ जिम लिअरी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेकाडांत अरुंद नळी वरपासून तळापर्यंत उतरवून मातीचे नमुने काढायला सुरुवात केली. विल्टशरमधलं मार्लबरोचं टेकाड नॉर्मन मॉट म्हणूनच ओळखलं जात होतं. २०११ मध्ये त्यातल्या कोळशाचं वय निघालं: इसवी सनापूर्वी सुमारे २४००. म्हणजे ते जवळच्या सिल्बरी हिल या माणसानं रचलेल्या प्रागैतिहासिक टेकाडाच्या काळातलं, आणि नॉर्मनांनी आयत्या टेकाडावर किल्ला बसवलेला. २०१६ मध्ये यॉर्कशरच्या स्किपसीचं टेकाडही लोहयुगातलं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं निघालं.

आणि तिसरं उदाहरण तुमच्याच गावातलं. स्लावमधलं मॉन्टेमचं टेकाड तुम्ही पाहिलं असेल. ईटनच्या शाळेची मुलं १८४४ पर्यंत तिथं वाजतगाजत यायची आणि ‘मीठ’ देऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करायची. त्यालाही नॉर्मन मॉट म्हणत. नमुन्यांवरून ते सुमारे १५०० वर्षांपूर्वीचं, सुरुवातीच्या सॅक्सन काळातलं निघालं. दफनाचं असण्याची शक्यता मोठी आहे. त्या टेकाडाला बेली नाही, ही गोष्ट इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

म्हणून मी एकट्या टेकाडावर विश्वास ठेवत नाही. टेकाड, त्याला लगटून असलेली बेली आणि दोघांना जोडणारा खंदक, हे तिन्ही एका विचारानं आखलेले दिसले तर नॉर्मन म्हणायला धीर येतो. पिल्सबरीला ते दिसतात. एक मॉट आणि दोन बेली आहेत, एका कडेला चुनखडीचा उघडा सुळका संरक्षणात ओढून घेतलाय, आणि खाली डव्ह नदी. कागदोपत्री या किल्ल्याचा उल्लेख मिळत नाही. हा मुलूख फेरर्स घराण्याचा होता, आणि पुढे बाजार हार्टिंग्टनला भरू लागला. विजयानंतरच्या दंगलीत बांधला की ११३५ नंतर इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या स्टीफन आणि मटिल्डाच्या यादवीत, यावर आमच्यात वाद आहे. माझा कल पहिल्याकडे आहे, पण खणल्याशिवाय तो सिद्ध होणार नाही. नावातल्या शेवटच्या ‘बरी’त जुना ‘बर्ग’ दडलाय. तेव्हा तिथं नॉर्मनांआधी काही घेरलेलं असू शकतं, आणि क्लार्क यांचा शब्द एका कोपऱ्यात खरा ठरू शकतो.

जागेवर वाचताना क्रम ठेवा. एकदम माथ्यावर जाऊ नका, सगळे तेच करतात. बाहेरून खंदकाच्या कडेनं पूर्ण फेरी मारा. आज खंदक जेवढा खोल दिसतो त्याहून मूळचा बराच खोल होता हे लक्षात असू द्या. विल्टशरमध्ये ओव्हरटन डाउनला १९६० मध्ये संशोधकांनी मुद्दाम एक बांध आणि खंदक रचला आणि ठरावीक वर्षांनी तो कापून पाहत आले. पहिल्या काही वर्षांतच काठ ढासळून तळ भराभर भरला, मग गवतानं धरल्यावर वेग मंदावला. म्हणजे तुमच्यासमोर दीड-दोन मीटरची उथळ घळ असली तरी खाली आणखी तेवढीच किंवा जास्त खोली गाळानं भरलेली असू शकते. तो गाळ आम्हाला सोन्यासारखा, कारण त्यात लाकूड, चामडं, बिया ओलीत टिकून राहतात.

मग दोन खंदक जिथं भेटतात तिथं थांबा. बेलीचा खंदक मॉटच्या खंदकात सरळ मिसळतो, की एक दुसऱ्याला कापतो? कापत असेल तर कापणारा नंतरचा. शेजारी सरी-वरंबे असतील तर ते खंदकापाशी तुटतात की बांधावरून चढून जातात ते पाहा: तुटले तर शेत आधीचं, चढले तर किल्ला ओस पडल्यावर नांगर फिरलेला. वाट कुठून आत जाते ते शेवटी ठरवा. सुरुवातीच्या एका मोजणीत मी बांधातल्या रुंद खिंडीला दरवाजा म्हणून नकाशावर काढलं होतं. वर्षभरानं शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी सांगितलं की ती त्यांनीच गवताची गाडी न्यायला फोडली होती. मोजणी पुन्हा केली. खऱ्या दरवाजासमोर खंदक बहुधा खणलेलाच नसतो किंवा पुलाच्या आधाराची जागा असते; तिथं त्या खिंडीसमोर खंदक अखंड होता, आणि मी तेव्हा तो पाहिलाच नव्हता. आता कुठलीही खिंड दिसली की आधी समोरचा खंदक बघतो आणि मग गावातल्या वयस्कर माणसाला विचारतो.

मेटल डिटेक्टर घरीच ठेवा. पिल्सबरी संरक्षित स्मारक आहे, आणि १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार अशा जागेवर हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. हेन डोमेनचं सगळं ज्ञान मातीच्या रंगांवर आणि थरांवर उभं राहिलं. एक गंजका खिळा काढायला वीतभर खड्डा केला, तर खिळा हातात येतो आणि तो कुठल्या दाराचा, कुठल्या जळलेल्या थराखालचा, हे कायमचं जातं. उंदीर-घुशींनी, सशांनी बाहेर काढलेली माती मात्र खुशाल पाहा. तिच्यात कोळसा, भाजलेली चिकणमाती किंवा खापर दिसलं तर तिथंच राहू द्या, फोटो काढा, जागा नोंदवा आणि परगण्याच्या ऐतिहासिक नोंदवहीच्या कार्यालयाला कळवा. अशा कळवण्यातून खरोखर कामं उभी राहिली आहेत.

तुम्ही मे महिन्यात गेलात, गवत तरारलेलं आणि सूर्य डोक्यावर. त्या उजेडात मलाही अर्धंच दिसलं असतं. जानेवारीत जा, सकाळी नवाच्या सुमारास किंवा दुपारी तीननंतर. उन्हं तिरपी असली की हातभर उंचीचा बांधही लांब सावली टाकतो. हलकं बर्फ भुरभुरलेलं असेल तर खंदकात ते उशिरा वितळतं आणि सगळा आराखडा पांढऱ्या रेघांत उमटतो. जायच्या आदल्या दिवशी एन्व्हायर्नमेंट एजन्सीची लायडारची चित्रं पाहून घ्या, ती खुली आहेत. विमानातून लेझर किरणांनी जमिनीची उंची मोजून झाडझाडोरा वजा केलेला असतो. फक्त एक सावधगिरी: त्या चित्रांतला कृत्रिम उजेड बहुधा वायव्येकडून टाकलेला असतो, आणि त्याच दिशेत धावणारे बांध त्यात पुसट होतात. उजेडाची दिशा बदलून दोन-तीन चित्रं बघा.

आणि पोचल्यावर आधी किल्ल्यात शिरू नका. डव्ह ओलांडून पलीकडे स्टॅफर्डशरच्या उतारावर जा आणि तिथून लेकीला दाखवा. मॉट, दोन बेली, सुळका, नदी, सगळं एका नजरेत येतं. मग इकडे येऊन तिला मॉटच्या खंदकाच्या तळातून चालत पावलं मोजायला सांगा आणि तुम्ही वरच्या हिशेबात आकडे घाला. उभ्या बांधावरून चढ-उतर मात्र नको. हिवाळ्यात ओलं गवत पायाखाली सुटतं आणि उघड्या पडलेल्या मातीला मग पाऊस धरतो.